दहा टन, चार घरं

सकाळी ६.१०
बाहेर अजून अंधार आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या क्लारा बार्टन भागातलं जुनं, बुटकं, उतरत्या छपराचं घर. काका बेसमेंटमध्ये आहेत. कोपऱ्यात लाकडी फळ्यांची कोळशाची कोठी आहे. सहा फूट लांब, पाच फूट रुंद. तळाला गेल्या हिवाळ्यातला चुरा उरलाय. तो ते खराट्याने एका बाजूला ओढतात आणि बादलीत भरतात. हाही जळतो, आधी हाच वापरायचा, असं सांगतात.

दसरा परवाच झाला. भिंतीला टेकवलेल्या फावड्याच्या पात्यावर हळदकुंकवाची बोटं दिसतायत. कोळशाच्या भट्टीच्या, म्हणजे स्टोकरच्या, झाकणावर झेंडूचं एक फूल सुकलंय. काका फूल उचलून खिशात ठेवतात. फावडं तसंच कामाला लागतं.

कोठीच्या मागच्या भिंतीवर ते टेप लावून खडूने रेघ मारतात. बरोबर पाच फुटांवर. बारीक कोळशाचा एक टन साधारण साडेसदतीस घनफूट जागा घेतो. चार टनांना दीडशे घनफूट. सहा गुणिले पाच गुणिले पाच. रेघेपर्यंत कोळसा आला की चार टन उतरले. घरी वजनकाटा नाही, ही रेघच काटा.

सकाळी ६.४५
फोन वाजतो. ड्रायव्हरचा मेसेज: ‘माल भरून निघालोय. साडेआठपर्यंत पोचतो.’ तो पेनसिल्व्हेनियात टमाक्वाजवळच्या यार्डातून सव्वासहाला निघालाय. ३०९ नंबरच्या रस्त्याने खाली, अ‍ॅलनटाउनजवळ ७८ वर, डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत, मग २८७ ने दक्षिणेला. जेमतेम शंभर मैल.

सकाळी ७.००
काकू चहा आणतात. काका वही उघडतात. शाळेच्या वहीसारखीच लांब वही, डाव्या बाजूला घरं, उजव्या बाजूला आकडे.

चार घरं आहेत. काकांचे चार टन ‘राइस’. शेजारच्या गुजराती भाईंचे तीन टन ‘राइस’. समोरच्या आजींचे दोन टन ‘नट’. कोपऱ्यावरच्या प्लंबरचा एक टन ‘नट’. राइस म्हणजे इंचाच्या तीन-सोळांश ते पाच-सोळांश जाडीचे बारीक दाणे. ते मोटरवर चालणाऱ्या स्टोकरला लागतात. नट म्हणजे इंच-दीड इंचाचे खडे. ते हाताने फावड्याने शेगडीत टाकायचे.

या खेपेला यार्डातला भाव राइसला टनाला ३१० डॉलर, नटला ३२०. माल एकूण ३,१३० डॉलरचा. ट्रकचं भाडं ७००.

“हे सातशे बघ,” काका त्या आकड्यावर पेन टेकवतात. “एक टन मागवला तरी सातशेच. दहा मागवले तरी सातशे. ट्रक काही एक टनासाठी अर्ध्या रस्त्याने येत नाही.”

दहा टनांवर भाडं वाटलं की टनाला ७० पडतात. काकांचे १,५२०. भाईंचे १,१४०. आजींचे ७८०. प्लंबरचे ३९०. बेरीज ३,८३०. आजींनी एकट्याने दोन टन मागवले असते, तर त्यांचं बिल १,३४० झालं असतं.

इथला टन २,००० पाऊंडांचा. आपले ९०७ किलो. त्या एका टनात साधारण १८० गॅलन हीटिंग ऑइलइतकी ऊब असते. शहरातल्या बहुतेक घरांत आता गॅस आहे. या चार घरांनी कोळसा सोडलेला नाही.

सकाळी ८.३५
ट्रक गल्लीत वळतो. मागे जाताना टीं-टीं वाजतो. दोन घरांच्या खिडक्यांचे पडदे हलतात. ड्रायव्हर पन्नाशीचा, जाड दोरीसारख्या मनगटांचा. खाली उतरून आधी हातमोजे घालतो, मग हात पुढे करतो.

काट्याची पावती तो काकांच्या हातात देतो. मालासकट ट्रक ४१,२४० पाऊंड. रिकामा २१,१८०. माल २०,०६०.

“साठ पाऊंड जास्त आहेत,” काका म्हणतात.

“ओला आहे,” ड्रायव्हर म्हणतो. “तेवढं पाणी धरा.” मागच्या फळीतून थेंब गळतायत. धूळ उडू नये म्हणून यार्डात कोळसा धुऊन देतात. काका मागून एक खडा उचलतात, बोटांनी चोळतात, बोटं बघतात. ओली आहेत, काळी फारशी नाहीत.

सकाळी ८.५०
आधी आजींचं घर. हे ठरलेलं आहे, दर वर्षी आधी आजींचं.

त्यांच्या बेसमेंटच्या भिंतीत जमिनीलगत एक बिडाचं छोटं दार आहे, दीड फूट बाय एक फूट. घर बांधलं तेव्हापासूनचं, कोळसा आत टाकण्यासाठीच केलेलं. बिजागरी गंजलीय. प्लंबर सकाळीच येऊन तिला तेल सोडून गेलाय.

ट्रकच्या पेटीत आडव्या फळ्या टाकून तीन कप्पे केलेत. मागच्यात दोन टन नट, मधल्यात एक टन नट, पुढे सात टन राइस. ड्रायव्हर पत्र्याची पन्हळ काढतो. तीन तुकडे एकात एक अडकवून ती त्या दारापर्यंत नेतो. खाली लाकडाचा ठोकळा लावून उतार देतो. उतार कमी पडला तर कोळसा अडतो, जास्त झाला तर खडे आपटून फुटतात आणि चुरा होतो. तो दोनदा ठोकळा हलवतो. मग पेटी हळूहळू वर उचलली जाते.

मागच्या फळीतली खिडकी वीतभर उघडते. कोळसा सुटतो. आवाज इतका की पलीकडचा कुत्रा भुंकायला लागतो. ड्रायव्हर एका हाताने खिडकीचा दांडा धरून उभा. दुसऱ्या हातातल्या लांब सळीने अडलेले खडे मोकळे करतो. मी आत बेसमेंटमध्ये दंताळं घेऊन. ढीग दारापर्यंत चढला की ओरडायचं, तो खिडकी बंद करतो, मी ढीग मागे ओढतो. पुन्हा ओरडायचं.

आजी जिन्यावर उभ्या आहेत. ऐंशीच्या पुढच्या. नवरा गेल्यावर एक-दोन टनांसाठी परवडेल अशा भाड्यात कुणी यायला तयार होईना. तेव्हा काकांनी गल्लीत दारोदार जाऊन विचारलं. तिथून हा चार घरांचा ट्रक सुरू झाला.

सकाळी ९.३५
आजींचं काम संपलं. ड्रायव्हर पन्हळ झटकतो. आजी त्याला वीस डॉलरची नोट देतात. तो एकदा नको म्हणतो, मग घेतो.

त्याला तासाला २७ डॉलर मिळतात. माल भरण्यापासून परत जाऊन ट्रक धुण्यापर्यंत दहा तासांचा दिवस. येऊन-जाऊन दोनशे मैल. ट्रक गॅलनला साडेपाच मैल देतो, म्हणजे ३६ गॅलन डिझेल. ७८ वरच्या पुलाचा टोल फक्त पेनसिल्व्हेनियात जाताना लागतो, तो रिकामा ट्रक भरतो. सातशेतले किती कुठे जातात, हे तो बोटांवर मोजून दाखवतो. त्याचे आजोबा आणि पणजोबा दोघेही खाणीत होते. त्याने खाणीत पाऊल टाकलं नाही. वर आलेलं वाहून नेतो, म्हणतो.

सकाळी ९.५०
प्लंबरचं घर कोपऱ्यावर. बेसमेंटची खिडकी मागच्या अंगाला आहे आणि मध्ये कुंपण. पन्हळ पोचत नाही. ड्राइव्हवेवर निळी ताडपत्री अंथरली जाते आणि एक टन तिच्यावरच ओतला जातो.

आता फावडी आणि एकचाकी हातगाडी. गल्लीतला एक शाळकरी पोरगा सकाळपासून थांबलाय. अकरावीत आहे. तासाला वीस डॉलर ठरलेत. न्यू जर्सीत २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर होतं. ड्रायव्हरच्या पेनसिल्व्हेनियात ते २००९ पासून ७.२५ वर आहे. पोरगा ड्रायव्हरला आपला दर सांगतो. ड्रायव्हर मान हलवून म्हणतो, “चांगला आहे. फावडं खालून धर.”

पोरगा पहिली गाडी शिगोशीग भरतो. उचलायला जातो, चाक अडतं, गाडी कलते.

“अरे, काहून एवढी भरतोस?” काका मराठीतच ओरडतात, मग इंग्रजीत सांगतात. “पाऊण भर नं. वजन चाकावर यायला पाहिजे, हातावर नाही.”

पाऊण गाडी म्हणजे दीडशे पाऊंड. एका टनाला तेरा-चौदा खेपा. ड्राइव्हवेवरून, कुंपणाच्या फाटकातून, घराला वळसा घालून खिडकीपर्यंत. पाचव्या खेपेला पोरगा शर्ट काढून कुंपणावर टाकतो. ऑक्टोबर असून ऊन चढलंय. आठव्या खेपेला तो बोलायचा थांबतो. गाडीचा तोल मात्र त्याला जमलाय.

सकाळी १०.१५
तोवर ट्रक काकांकडे. इथे पन्हळ सरळ खिडकीत जाते. राइसचा आवाज वेगळा, बारीक, सलग. काका आत, डोळ्यांवर चष्मा, नाकाला रुमाल. टॉर्च खडूच्या रेघेवर धरलेला. कोळसा मधोमध शंकूसारखा साचतो, कडा रिकाम्या राहतात. ते दंताळ्याने सारखा करत राहतात. रेघेशी आल्यावर हात वर करतात. मी खिडकीतून ड्रायव्हरला हात करतो.

सकाळी ११.१०
उरलेलं सगळं भाईंचं. त्यांची कोठी सहा बाय चारची. त्यांनी रेघ चार फूट आठ इंचांवर मारलीय. पेटी पूर्ण उभी होते, ड्रायव्हर आत चढून खराट्याने कोपरे झाडतो. शेवटचे दाणे पन्हळीतून टिपटिप पडतात.

भाई आत जाऊन ढीग सपाट करतात. टेप लावतात. चार फूट नऊ इंच.

“एक इंच तुमचा माझ्याकडे आलाय,” ते काकांना सांगतात.

दोघं तिथेच हिशेब मांडतात. चोवीस चौरस फुटांवर एक इंच म्हणजे दोन घनफूट. वजन शंभर-सव्वाशे पाऊंडांच्या आत. त्यातले साठ काट्यावरच जास्त होते, ते कुणाचेच नाहीत. उरली एक बादली. भाई बादली भरतात, चाळीस पाऊंडांची, कुंपणापलीकडे नेऊन काकांच्या कोठीत रिती करतात. काका नको म्हणत नाहीत. हिशेब पुरा झाल्याशिवाय पुढच्या वर्षी एकत्र मागवता येत नाही, हे दोघांनाही माहीत आहे.

दुपारी १२.००
काकूंनी पोळीचे रोल केलेत, बटाट्याची सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. ड्रायव्हर फुटबोर्डवर बसून दोन खातो. चटणीला तिसरा मागतो. पोरगा कोक पितो आणि तळहातावरचे दोन फोड बघतो.

काका त्याला एक नटचा खडा दाखवतात. काचेसारखा चमकतो. हा अँथ्रासाइट, ईशान्य पेनसिल्व्हेनियातला. यात कार्बन ८६ टक्क्यांच्या वर. उशिरा पेटतो, पेटला की धूर नाही, ज्योत निळी. काका बल्लारपूरचे. वडील वेस्टर्न कोलफील्ड्समध्ये लोडर होते. तिथला कोळसा मऊ, धुराचा, राख खूप. संध्याकाळी कॉलनीत शेगड्या पेटल्या की समोरचं घर दिसत नसे. आई शेगडी अंगणात पेटवायची आणि धूर सरला की आत आणायची. घरात कोळसा जळतोय आणि कुणी खोकत नाही, याची सवय व्हायला काकांना इथे एक अख्खा हिवाळा लागला.

ड्रायव्हर ऐकतो. विचारतो, लोडरला तेव्हा टनावर पैसे की दिवसावर? काका आठवून सांगतात, आधी भरलेल्या टबांवर. ड्रायव्हर म्हणतो, आमच्याकडेही गाडीवरच. दोघं थोडा वेळ त्या टबांच्या मापाबद्दल बोलतात.

दुपारी १२.४०
ट्रक निघतो. पेटी रिकामी, आवाज पोकळ.

इथून जवळच मिडलसेक्स ग्रीनवे आहे. मेटाचन, एडिसन आणि वुडब्रिजमधून जाणारी साडेतीन मैलांची पायवाट. लोक तिथे पळतात, सायकली चालवतात. ती लीहाय व्हॅली रेल्वेच्या जुन्या मार्गावर २०१२ मध्ये झाली. ती लाइन १८७५ मध्ये पर्थ अँबॉयच्या धक्क्यापर्यंत आली, आणि आली ती मुख्यतः याच कोळशासाठी. खाणीतून डबे थेट समुद्रापर्यंत, तिथून बोटीत. तेव्हा या भागात कोळसा ही दारावरची वस्तू होती. आता शंभर मैलांवरून ट्रक बोलवावा लागतो, आणि तो यावा म्हणून दहा टन जमवावे लागतात.

दुपारी १.१५
पोरगा शेवटची गाडी रिकामी करतो. ताडपत्री चार जण चार कोपरे धरून उचलतात, मधला चुरा बादलीत पडतो. पोरग्याचे सव्वातीन तास झाले. पासष्ट डॉलर. प्लंबर सत्तर देतो.

दुपारी २.००
रस्ता झाडणं. पाणी मारायचं नाही, काळं पाणी गटारात जातं. कोरडा खराटा, सुपली, बादली. आजींच्या भिंतीलगतच्या गवतात पडलेले खडे भाई वाकून हाताने वेचतात. अर्धी बादली निघते. ती आजींच्याच ढिगात.

दुपारी ३.१५
काकांचा स्टोकर. हिवाळ्याआधीची सफाई आज उरकायची. धुराड्याचा पाइप उतरवतात. आत राखाडी, पिठासारखी बारीक राख बसलीय. शॉप-व्हॅकने ओढतात, ब्रश फिरवतात, पाइप परत चढवून सांध्यांचे स्क्रू आवळतात. पंख्याच्या मोटरला तेलाचे दोन थेंब. कोळसा पुढे ढकलणारी पट्टी हाताने पुढे-मागे करून बघतात. कुठे अडत नाही.

मग कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म. खाली एक, जिन्यात एक, झोपायच्या खोलीबाहेर एक. तिन्हींचे सेल बदलतात, बटण दाबून वाजवतात. या वायूला वास नाही, रंग नाही. काका म्हणतात, कोळशाचं घर चालवायचं तर आधी हे यंत्र, मग शेगडी. तसेच आणखी सेल घेऊन ते आजींकडे जातात, तिथलेही बदलतात.

दुपारी ४.३०
आजींच्या बैठकीत ओतीव लोखंडाची शेगडी आहे. तिला मोटर नाही, वायर नाही. २९ ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळात या भागाची वीज कित्येक दिवस गेली. गॅसच्या भट्ट्या असलेली घरंही गार पडली, कारण भट्टीच्या पंख्याला वीज लागते. काकांचा स्टोकरही बंद, कोठी भरलेली असून. ७ नोव्हेंबरला वर बर्फ पडलं. ते दिवस गल्लीतली माणसं या खोलीत बसली. शेगडीवर आजींचं सूप, काकूंचं वरण, भाईंची खिचडी. लहान मुलं गालिच्यावर झोपायची. रात्री कोळसा घालायला पाळ्या लावल्या होत्या.

म्हणून आधी आजींचं घर. कुणी तसा ठराव केलेला नाही.

काका शेगडीची जाळी हलवून बघतात. एक पट्टी वाकलीय. प्लंबरला फोटो पाठवतात. उत्तर येतं: ‘मंगळवारी नवी आणतो.’

संध्याकाळी ५.१५
राखेचा प्रश्न. आजींना आता राखेचा डबा उचलून बाहेर नेता येत नाही. अँथ्रासाइटचीही शंभर पाऊंडांमागे दहा-बारा पाऊंड राख निघतेच. दोन टनांची राख चार-पाचशे पाऊंड. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ती पूर्ण विझेपर्यंत ठेवायची, मगच बाहेर.

पोरग्याला विचारलं जातं. बुधवार आणि रविवार, दर वेळी दहा डॉलर. डबा बाहेर न्यायचा, खालून एक बादली कोळसा आणून शेगडीजवळ ठेवायचा. तो विचार करतो. बर्फ पडलं तर? मग तर नक्की यायचं, आजी म्हणतात, आणि फुटपाथवर राख टाकायची, म्हणजे कुणी घसरणार नाही. दर त्याच दहा डॉलरवर ठरतो. बर्फाच्या दिवशी जेवण आजींकडे.

संध्याकाळी ७.३०
काका स्टोकर एकदा पेटवून बघतात. थंडी नाही, पण खात्री हवी. जाळीवर लाकडी कोळशाचे थोडे तुकडे, ते लाल झाले की वर मूठ-मूठ राइस. पंखा हळू. पंधरा मिनिटं काहीच होत नाही. मग कडेने बारीक निळ्या जिभा उठतात. बाहेर जाऊन काका धुराड्याकडे बघतात. धूर नाही. रेडिएटरचे पाइप टकटक करायला लागतात. काकू वरून ओरडतात, “झाला गरम! आता बंद करा, घाम येतोय.”

रात्री ८.४५
वही पुन्हा उघडते. चार नावांपुढे चार खुणा. इतरांचे पैसे झेलवरून ऑनलाइन आलेत. आजींचा चेक आहे, सोमवारी बँकेत टाकायचा.

प्लंबर दारातच उभा राहून सांगतो. पुढच्या वर्षी तो नाही. बायकोच्या दम्यामुळे घरात हीट पंप बसवतायत. यंदाचा टन शेवटचा. उरला तर आजींना देईल. जाळीची पट्टी, बिजागरी, पाइप, यासाठी कधीही बोलवा.

काका त्याचे आभार मानतात. मग त्याच्या नावाखाली एक रेघ ओढतात आणि शेजारी लिहितात: ९ टन. ७०० भागिले ९. टनाला ७८ डॉलर. आजींना सोळा डॉलर जास्त पडतील. भाई म्हणतात, ते आपण दोघं वाटून घेऊ. काका मान हलवतात. आजी ते घेणार नाहीत, एक टन मागणारं घरच शोधायला पाहिजे.

मागच्या गल्लीत एक घर आहे. भिंतीत तसंच बिडाचं दार, आणि गेल्या फेब्रुवारीत फुटपाथवर राख टाकलेली काकांनी पाहिलीय. सोमवारी बँकेतून येताना तिथली बेल वाजवायची. वहीत पाचवी ओळ ते मोकळी सोडतात आणि तिच्यापुढे पेन्सिलीने ‘नट, १’ लिहून ठेवतात.